चीन व आसियान यांचा करार: शेतकऱ्याच्या दृष्टीनें विचार

आग्नेय आशियांतील राष्ट्रांचा जो संघ ‘आसियान’ या नांवानें ओळखला जातो, त्यानें आपल्या उत्तरेच्या बलाढ्य शेजाऱ्याशीं, म्हणजे चीनशीं, केलेल्या व्यापारी कराराच्या तिसऱ्या आवृत्तीवर सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २८ तारखेस क्वालालंपूर येथें सह्या झाल्या. वर्तमानपत्रांत त्या बातमीस जी जागा मिळाली, ती बहुतेक संगणकावरील व्यापार, विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि कारखान्यांचा माल यांच्या वर्णनांत खर्ची पडली. शेतमालाचा उल्लेख आलाच तर ओझरता. वास्तविक या उभयतांच्या आर्थिक सहकार्याचा आरंभच मुळीं शेतमालापासून झालेला आहे, आणि त्याचे बरेवाईट अनुभव प्रथम घेतले ते थायलंडच्या लसूण पिकविणारांनीं, फिलिपाईन्सच्या केळीबागांनीं आणि मेकाँग नदीच्या कांठच्या भातकऱ्यांनीं. म्हणून आपल्या मासिकाच्या वाचकांनीं हा विषय दूरदेशचा समजून पान उलटूं नये, अशी विनंति आहे.

मला जें म्हणावयाचें आहे तें आरंभींच सांगून टाकतों. आसियानच्या राष्ट्रांनीं जकातीची बोली एकत्र बसून केली व तींत त्यांस यश आलें. परंतु फळांची तपासणी, बागांची नोंदणी आणि नदीचें पाणी या तीन बाबतींत प्रत्येक राष्ट्र बहुतेक एकटेंच मोठ्या शेजाऱ्याच्या दारीं जाऊन उभें राहिलें. परिणाम असा कीं, वाटेवरील जकातीचा नाका उठला, पण फाटकाची किल्ली एकाच्याच कमरेस राहिली.

आतां थोडी पूर्वपीठिका. हा संघ सन १९६७ च्या ऑगस्ट महिन्यांत बँकॉक येथें इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाईन्स, सिंगापूर व थायलंड या पांच राष्ट्रांनीं स्थापन केला. पुढें ब्रूनेई, व्हिएतनाम, लाओस, म्यानमार व कंबोडिया हीं त्यांत सामील झालीं आणि सन २०२५ मध्यें पूर्व तिमोर हें अकरावें राष्ट्र आलें. एकंदर लोकवस्ती सत्तर कोटींच्या आंतबाहेर; चीनची तिच्या दुपटीएवढी. स्थापनेच्या काळीं या संघाच्या मनांत चीनविषयीं धास्तीच होती. सन १९९१ मध्यें चीनचे परराष्ट्रमंत्री छियान छिचेन हे संघाच्या बैठकीस प्रथम पाहुणे म्हणून आले, आणि तेव्हांपासून बोलणीं वाढत गेलीं. सन २००२ च्या ४ नोव्हेंबरला नॉम पेन्ह येथें सर्वंकष आर्थिक सहकार्याचा मूळ करारनामा झाला. त्याच दिवशीं दक्षिण चीन समुद्रांत कोणीं कसें वागावें याविषयींचें एक निवेदनही सह्या होऊन बाहेर पडलें. व्यापार वाढला तो कल्पनेपलीकडे. सन २००९ पासून चीन हा आसियानचा सर्वांत मोठा व्यापारी सोबती आहे. सन २०२० पासून आसियान हा चीनचाही पहिल्या क्रमांकाचा व्यापारी सोबती झाला. आणि चीनच्या जकात खात्याच्या हिशेबाप्रमाणें सन २०२४ मध्यें दोहोंमधील मालाची उलाढाल ९५० अब्ज डॉलरांच्या वर गेली. हें यश नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पण बेरजेची ओळ पाहून गांवची स्थिति कळत नाहीं, हें ज्यानें आयुष्य तालुका कचेरींत खातेवह्या तपासण्यांत घालविलें त्यास निराळें सांगावयास नको. मूळ करारनाम्यांत एक योजना होती. तिचें इंग्रजी नांव आपल्या भाषेंत ‘सुगीचा पहिला तोडा’ असें सांगतां येईल. सगळ्या मालावरील जकात उठण्यास वेळ लागणार, तोंवर शेतमालावरील जकात आधीं उठवून दोन्ही बाजूंस लवकर फायदा चाखावयास द्यावा, असा तिचा हेतु. जकातीच्या नामावळीचीं पहिलीं आठ प्रकरणें, म्हणजे गुरेंढोरें, मांस, मासळी, दूधदुभतें, रोपें, भाज्या, फळें वगैरे, हीं तींत घातलीं आणि सन २००४ च्या १ जानेवारीपासून अंमल सुरू झाला. थायलंडनें तर घाई करून भाज्या व फळें यांपुरता चीनशीं वेगळा ठराव केला आणि सन २००३ च्या १ ऑक्टोबरपासूनच जकात शून्यावर आणली.

पुढें जें घडलें तें असें. थायलंडच्या उत्तर भागांत, चिआंग माई व आसपासच्या प्रांतांत, भात निघाल्यावर त्याच वाफ्यांत लसूण व कांदा लावण्याची वहिवाट आहे. तेथील लसूण बारीक कुड्यांचा, पण तिखट व वासाचा. चिनी लसूण मोठ्या कुड्यांचा, सोलावयास सोपा आणि भावानें कितीतरी उतरता. जकातीचा बांध फुटतांच तो बाजारांत शिरला आणि स्थानिक मालाचा भाव बसला. सरकारनें लसणाचें क्षेत्र कमी करून दुसरीं पिकें घ्यावीं म्हणून शेतकऱ्यांस पैसे देण्याचीही योजना काढली. उलट पक्षीं त्याच देशाच्या पूर्वेस चांथाबुरी प्रांतांत फळबागांचे मळे होते. तेथें ड्यूरियन, मँगोस्टीन यांस चिनी गिऱ्हाईक मिळालें आणि बागाईतदारांचे दिवस पालटले. बँकॉकच्या हिशेबनिसानें दोन्ही आंकडे एकत्र मांडले, तेव्हां नफाच दिसला. परंतु नफ्याचें खातें चांथाबुरीच्या बागाईतदाराचें आणि तोट्याचें खातें चिआंग माईच्या लसूणकऱ्याचें. एकाच्या खात्यावरची शिल्लक दुसऱ्याच्या बाकीस वळती करण्याची तजवीज करारांत कोणींही केली नव्हती. जकात उठविण्यास माझा विरोध नाहीं. तिच्या लाभांतून तोट्याची भरपाई आधीं ठरवून मग सही करावी, एवढेंच म्हणणें आहे.

ड्यूरियनचा उल्लेख आला म्हणून त्याची कथा थोडी विस्तारानें सांगतों, कारण किल्लीचा प्रकार तींत स्पष्ट दिसतो. हें फळ आपल्या फणसाची आठवण करून देणारें, पण कांटे खरोखरीच टोंचणारे आणि वास इतका उग्र कीं कित्येक खाणावळींत तें नेण्यास मनाई असते. चिनी लोकांस त्याची विलक्षण आवड लागली. सन २०२४ मध्यें चीननें सुमारें १५ लक्ष टन ताजीं ड्यूरियन फळें बाहेरून घेतलीं. किंमत ७ अब्ज डॉलरांच्या जवळपास. जकात सर्वांस सारखीच माफ, मग विकण्याचा हक्कही सर्वांस सारखाच असावा असें कोणासही वाटेल. तसें नाहीं. ताजें फळ पाठवावयाचें तर त्या त्या राष्ट्राचा चीनशीं स्वतंत्र रोगप्रतिबंधक करार लागतो, आणि प्रत्येक बागेची व माल भरण्याच्या प्रत्येक वखारीची चिनी दप्तरीं नोंद होऊन नंबर मिळावा लागतो. हा करार पुष्कळ वर्षें एकट्या थायलंडपाशीं होता. व्हिएतनामला तो सन २०२२ मध्यें मिळाला, फिलिपाईन्सला २०२३ मध्यें, मलेशियाला २०२४ मध्यें. प्रत्येकानें आपापली चिठ्ठी वेगळी मागितली, आणि देणारानें ती आपल्या सवडीनें दिली.

सन २०२५ च्या जानेवारींत चीननें नियम केला कीं, ‘बेसिक यलो २’ नांवाचा पिवळा रंग व कॅडमियम धातु यांची तपासणी होऊन दाखला जोडल्याखेरीज ड्यूरियनची गाडी आंत येणार नाहीं. हा रंग खाण्याच्या पदार्थांत वापरणें गैरच आहे, कारण त्यापासून कर्करोगाचें भय असतें. तेव्हां फळ देखणें दिसावें म्हणून तें अशा रंगांत बुडविणाऱ्या व्यापाऱ्यांचा कैवार घेण्याचें कारण नाहीं. गिऱ्हाइकास निर्भेळ माल मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. हरकत आहे ती रीतीला. नियम आणि त्याचा अंमल यांत अंतर थोड्या दिवसांचें. मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळा मोजक्या. आणि माल नाशवंत. रंग प्रथम सांपडला थायलंडच्या फळांत, पण तपासणीचा बोजा व्हिएतनामच्या फळांवरही पडला, आणि त्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत व्हिएतनामची निर्यात एकदम घसरली. कापलेलें फळ दाखल्याची वाट पाहत झाडावर परत जात नाहीं.

हें तरी एका खऱ्या दोषामुळें झालें. फिलिपाईन्सच्या केळ्यांचा प्रकार याहून विचार करण्यासारखा आहे. सन २०१२ च्या एप्रिल महिन्यांत दक्षिण चीन समुद्रांतील स्कारबरो नांवाच्या खडकाळ उथळावरून फिलिपाईन्स व चीन यांचीं जहाजें समोरासमोर उभीं राहिलीं. थोड्याच दिवसांत चीनच्या तपासनिसांनीं कीड असल्याच्या कारणावरून फिलिपाईन्सच्या केळ्यांची तपासणी कडक केली. मिंडानाओ बेटावरून गेलेलीं केळीं चिनी बंदरांत अडकून कुजलीं. कीड पूर्वीं नव्हती व त्याच आठवड्यांत उत्पन्न झाली, असें मानणें कठीण आहे. पुढें सन २०१६ च्या जुलैंत हेगच्या लवादानें समुद्राच्या वादांत फिलिपाईन्सच्या बाजूनें निकाल दिला. तथापि नवे अध्यक्ष दुतेर्ते यांनीं तो निकाल बाजूस ठेवून ऑक्टोबरांत पेकिंगची वाट धरली, आणि त्यानंतर फळांवरील बंधनें उठलीं. केळीं तींच होतीं. माती, बाग आणि मजूरही तेच. बदलले होते ते राजकारणाचे वारे.

अशा वेळीं संघानें काय केलें? सन २०१२ च्या जुलैंत नॉम पेन्ह येथें संघाच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरली. समुद्राच्या वादाचा उल्लेख संयुक्त निवेदनांत असावा कीं नसावा यावरून एकमत होईना. यजमान कंबोडिया, ज्याचे चीनशीं संबंध फार निकटचे, तो तयार नव्हता. शेवटीं पंचेचाळीस वर्षांत प्रथमच निवेदनाशिवाय बैठक उठली. या संघाचा नियमच असा कीं, सर्वांची संमति असल्याखेरीज ठराव नाहीं. हा नियम घर मोडूं नये म्हणून चांगला; पण मोठ्या शेजाऱ्यास घरांतील एकच माणूस आपलासा केला म्हणजे पुरतें. सामाईक खात्याच्या जमिनीचे व्यवहार ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस याची कल्पना सहज येईल. एक हिस्सेदार अंगठा देईनासा झाला कीं बाकीच्या नऊ जणांचा कागद तसाच पडून राहतो.

आतां पाण्याकडे वळूं. मेकाँग नदी तिबेटच्या पठारावर उगम पावते, चीनच्या युन्नान प्रांतांतून लान्छांग या नांवानें उतरते आणि म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम यांच्या हद्दींतून किंवा हद्दीवरून जाऊन समुद्रास मिळते. व्हिएतनामांतील तिच्या मुखाकडील प्रदेश हें त्या देशाचें भाताचें कोठार. चीननें वरच्या अंगास या नदीवर एकामागून एक धरणें बांधलीं. श्याओवान व नुओझादू हीं त्यांत सर्वांत मोठीं. सन १९९५ मध्यें लाओस, थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम यांनीं मेकाँग नदी आयोग स्थापिला, परंतु मुखत्यारी ज्याच्या हातीं तो वरचा मालक त्याचा सभासद नाहीं, केवळ बोलणीं करणारा भागीदार आहे.

निष्पक्षपातानें बोलावयाचें तर धरणांमुळें उन्हाळ्यांत नदीला पाणी पूर्वीपेक्षां वाढतें, हें चिनी इंजिनियरांचें म्हणणें खोटें नाहीं. सन २०१६ च्या मार्चांत व्हिएतनामच्या मुखप्रदेशांत दुष्काळ पडून समुद्राचें खारें पाणी आंत शिरलें, तेव्हां चीननें जिंगहोंग धरणांतून मुद्दाम पाणी सोडलें. शिवाय लाओसनें स्वतःही सायाबुरी येथें मुख्य प्रवाहावर धरण बांधलें आहे. तेव्हां सारा दोष एकाच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. परंतु शेतीला नुसतें पाणी पुरत नाहीं, वेळेवरचें पाणी लागतें. कंबोडियाचें तोन्ले साप सरोवर पावसाळ्यांत मेकाँगचें उलटें पाणी आंत येऊन फुगतें. त्या पुरावर मासळी आणि कांठची शेती अवलंबून आहे. पुराचें पाणी वर अडलें आणि गाळ धरणांत बसला, तर उन्हाळ्यांत सोडलेल्या पाण्यानें ती भरपाई होत नाहीं.

आणि पुन्हां सूचनेचा प्रश्न. सन २०२० च्या अखेरीस चीननें दोन मापनकेंद्रांचे आकडे बारमाही देण्याचें कबूल केलें. पूर्वीं ते केवळ पुराच्या दिवसांत मिळत. ही प्रगति खरीच. पण लगेच ३१ डिसेंबरपासून जिंगहोंगखालील पाणी ओसरूं लागलें, आणि विजेच्या तारांच्या दुरुस्तीसाठीं विसर्ग कमी केला आहे ही सूचना आयोगास मिळाली ५ जानेवारी २०२१ रोजीं. आपल्याकडे खानदेशांत पांझरेच्या फडांवर पाटकरी पाणी वळविण्यापूर्वीं खालच्या फडास सांगत असे, कारण पाणी कोणाचें यापेक्षां पाळी केव्हांची हें ठाऊक असणें शेतकऱ्यास अधिक मोलाचें. लोक फडाचे बंधारे बांधीत, पाटकऱ्यास धान्य देत आणि म्हणून त्यास जाबही विचारीत. मेकाँगच्या वरच्या पाटकऱ्यास जाब विचारणारें पंचमंडळ नाहीं. उलट सन २०१६ पासून चीननें स्वतःच्या पुढाकारानें लान्छांग-मेकाँग सहकार्य नांवाची निराळी बैठक सुरू केली. तींत पैसा आहे, योजना आहेत. पण पंचमंडळ ज्याच्याविरुद्ध बसावयाचें त्याच्याच ओसरीवर ती भरते.

यावर कोणी म्हणेल कीं, लहानांनीं मोठ्याशीं वैर धरून निभाव कसा लागावा? वैर धरा असें मी म्हणतच नाहीं. लाओससारख्या समुद्र नसलेल्या मुलखांत सन २०२१ च्या डिसेंबरांत व्हिएन्तियानपासून चीनच्या सरहद्दीपर्यंत आगगाडी धांवूं लागली, आणि थायलंडचीं फळें आतां तीवरून थोड्या दिवसांत चिनी बाजारांत पोंचतात. त्या रेल्वेच्या कर्जाचा भार लाओसवर आहे हेंही खरें, परंतु रुळ ते रुळच. भूगोल कोणाच्या अर्जावरून बदलत नाहीं. वाद आहे तो व्यवहार कसा करावा याचा.

आपण भारतीयांनीं तर याविषयीं नुसतें दुसऱ्याकडे बोट दाखवून चालणार नाहीं, कारण आपल्या शेजाऱ्यांच्या दृष्टीनें मोठे शेजारी आपणच आहों. सन २०१९ च्या सप्टेंबरअखेर आपल्या सरकारनें कांद्याची निर्यात एकाएकीं बंद केली. पुढल्याच आठवड्यांत बांगला देशच्या तेव्हांच्या पंतप्रधान शेख हसीना यांनीं दिल्लींत जाहीरपणें तक्रार केली कीं, आधीं कळविलें असतें तर आम्हीं दुसरीकडून सोय केली असती. सन २०२३ च्या डिसेंबरांत पुन्हां बंदी आली ती पुढील मे महिन्यापर्यंत राहिली. बंदीचा मार ढाक्याच्या स्वयंपाकघरास बसला तसा लासलगांवच्या आवारांत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या नाशिकच्या शेतकऱ्यासही बसला. फाटक अकस्मात् मिटलें म्हणजे आंतला व बाहेरला दोघेही अडकतात, हें चिनी किंवा हिंदी असा भेद करीत नाहीं.

मग आसियाननें काय करावें? नव्या करारांत रोगप्रतिबंधक तपासणीविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे, ही समाधानाची गोष्ट. माझ्या अल्प मतीप्रमाणें त्या प्रकरणाच्या अंमलबजावणींत संघानें तीन कलमांचा आग्रह एकत्र धरावा. नाशवंत मालावर नवी तपासणी बसवावयाची तर निदान एका हंगामाची आगाऊ सूचना मिळावी. तातडीचें भय असेल तेथें अपवाद, पण कारण लेखी. संघांतील एका राष्ट्राच्या प्रयोगशाळेचा दाखला चीननें मान्य केला, तर तो संघांतील दुसऱ्या राष्ट्राच्या मालासही चालावा. आणि तंट्याचा निकाल दिवसांत लागावा, महिन्यांत नव्हे. चीन व आसियान यांच्यामध्यें तंटे मिटविण्याचा करार सन २००४ पासून आहे. पण लवाद नेमून निकाल येईपर्यंतचा अवधि केळ्यास परवडत नाहीं. पाण्यासाठीं तर एकच मागणें पुरे: दारें उघडण्याचें व मिटण्याचें वेळापत्रक आधीं कळावें.

खरी अडचण निराळीच आहे, आणि तिच्याविषयीं मुत्सद्दी बोलत नाहींत. हीं राष्ट्रें एकमेकांचीं प्रतिस्पर्धी आहेत. व्हिएतनामची गाडी सरहद्दीवर अडली कीं चांथाबुरीच्या बागाईतदारास भाव चढल्याचा आनंद होतो. फिलिपाईन्सचीं केळीं कुजलीं तेव्हां दुसऱ्या कोणाचीं तरी विकलीं गेलींच. असा माणूस शेजाऱ्याच्या गाडीसाठीं आपल्या सरकारामार्फत भांडेल कशाला? त्यास उत्तर जानेवारी २०२५ च्या घटनेंतच आहे. रंग लावला एका देशाच्या वखारवाल्यानें, आणि गाड्या अडल्या दोन्ही देशांच्या. व्हिएतनामच्या उत्पादकास थायलंडच्या वखारींत काय चालतें हें पाहण्याचा आज कांहींही अधिकार नाहीं, पण त्याचा दंड मात्र त्यानें भरला. म्हणून तपासणीचे नियम ठरविणाऱ्या समितींत नुसते जकात खात्याचे अधिकारी न बसवितां चांथाबुरी, दावाओ व व्हिएतनामच्या दाक लाक प्रांतांतील बागाईतदारांचे प्रतिनिधि बसवावे, आणि त्यांच्या जोडीला चिआंग माईचा एक लसूणकरीही असावा. त्यास चीनला विकावयाचें कांहीं उरलेलें नाहीं, त्यामुळें तो सर्वांत निर्भीडपणें बोलेल.